राग्नाचा ‘क’

सिग्वाल खिडकीशी बसला की त्याला समोर पाणी दिसायचं, आणि पाण्यावरून पलीकडच्या किनाऱ्याला जाणारी फेरीबोट. त्या बोटीवर त्याचा जन्म गेला होता. मोटारी चढवायच्या, मोटारी उतरवायच्या. उजवा हात हलवला की ये, दोन्ही हात वर केले की थांब. तोंड उघडायची वेळ फारशी यायचीच नाही, आणि म्हणूनच ती नोकरी त्याला मानवली. बेटावरचे लोक म्हणायचे, सिग्वालशी बोलायचं असेल तर मोटार घेऊन जावं लागतं.

आता बोटीवर दुसराच कुणी हात हलवत असे. सिग्वालच्या पायांना सूज यायची. रोज सकाळी आरोग्य केंद्रातून कुणीतरी येऊन त्याच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे चढवून जायचं. ते मोजे असे चिवट असतात की आपले आपल्याला चढत नाहीत. मोजे चढले की तो दिवसभर मोकळा. मग खिडकी, पाणी आणि राग्ना.

राग्ना त्याची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला घरात तिचा आवाज सगळीकडे असायचा, जिन्यात, न्हाणीघरात, रेडिओ बंद केल्यावर उरणाऱ्या शांततेत. पुढे तो कडेकडेने विरत गेला. चेहरा राहिला, हात राहिले, मान वळवून बघायची लकब राहिली, पण ती बोलायला लागली की नुसते ओठ हलायचे. मुलीने, उन्नीने, जुनी सगळी चित्रणं शोधून पाहिली. त्यांत राग्ना कुठेच बोलत नव्हती. कॅमेरा नेहमी तिच्याच हातात असायचा. एका ठिकाणी तिचं हसू होतं आणि काचेच्या कडेला आलेलं तिचं बोट होतं, तेवढंच.

शेवटी एक शब्द उरला होता. तेवढा एक शब्द मात्र तिच्या आवाजात, तिच्या ठेक्यात, अजून स्पष्ट ऐकू यायचा. तोही हल्ली पुसट होऊ लागला होता. तो गेला की राग्ना कायमची मुकी होणार, हे सिग्वालला ठाऊक होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? शब्द होता ‘बिस्कीट’.

त्यांच्या देशात बिस्किटाला जो शब्द आहे तो बेटावरची माणसं ‘ह्येक्स’ असा म्हणतात. लिहिताना सुरुवातीला क लिहितात, पण म्हणताना तो म्हणत नाहीत. जीभ टाळूजवळ नेऊन नुसती हवा सोडतात. राग्ना बेटावरची नव्हती. ती बर्गन शहराची, बंदरामागच्या चढाच्या गल्लीतली. तिच्या गल्लीत सगळे सरळ ‘केक्स’ म्हणत. क असा, की लाकडी फळीवर खडा पडावा.

तरुणपणी ती फेरीबोटीच्या वरच्या मजल्यावर कॉफी विकायला लागली. बोट धक्क्यावरून सुटली की तिचा आवाज यायचा, “कॉफी आणि केक्स?” आणि नेहमीचे उतारू तिला चिडवायला टपलेलेच असायचे.

“राग्ना, केक्स नको. ह्येक्स असेल तर दे.”

“केक्स संपू देत, मग ह्येक्स देईन. तोवर हवा खा.”

सिग्वालला गोड फारसं आवडत नसे. तरी तो प्रत्येक फेरीला वर जायचा आणि पुड्याकडे बोट दाखवायचा. आठवडाभर तिने ते चालवून घेतलं. मग एके दिवशी पुडा हातात धरून ठेवला.

“बोट नको दाखवूस. मी मोटार आहे का? नाव घे.”

“ह्येक्स,” तो कसाबसा म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता.

“एक की पुष्कळ?”

“एक.”

“मग केक म्हण. केक म्हणजे एक, केक्स म्हणजे पुष्कळ. इंग्रजांचा शब्द आहे, माझ्या बापाला विचार.”

तिचा बाप गोदीवर इंग्रजांच्या बोटी रिकाम्या करायचा. गोदीवर अशी गोष्ट चालत आलेली होती की फार पूर्वी एका इंग्रज खलाशाने पत्र्याचा डबा उघडून धरला आणि म्हणाला, केक्स. डबा भरलेला होता, तेव्हा तो बरोबरच म्हणाला. गोदीवाल्याने त्यातून एक उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, हा केक्स का? खलाशी हो म्हणाला. एका बिस्किटासाठी कोण व्याकरण शिकवत बसतो? “तेव्हापासून अख्खा देश एक मागतो आणि पुष्कळ म्हणतो,” राग्ना म्हणायची. एका पायातल्या जोड्यालाही शूज म्हणणाऱ्या आपल्या माणसांना यात काही नवल वाटायचं नाही, पण सिग्वाल त्या दिवशी बोट पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत हसत होता.

“मग आमच्याकडे ह्येक्स कसा झाला?” त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं. एवढा मोठा प्रश्न त्याने आयुष्यात कुणाला विचारला नव्हता.

“आमच्याकडे शब्द कानाने आला. तुमच्याकडे डब्यावर छापून आला. छापलेलं जो तो आपल्या जिभेने वाचतो.”

खरं-खोटं तिच्या बापाला ठाऊक. तो गोष्टी रंगवून सांगणारा माणूस होता. पण त्या दोन प्रश्नांवर सिग्वाल आणि राग्नाचं जमलं, आणि संसारभर घरात एकाच डब्याला दोन नावं राहिली. उन्नी लहानपणी आईकडे केक्स मागायची, मग बापाकडे जाऊन ह्येक्स मागायची आणि दोन्हीकडून मिळवायची.

राग्ना गेल्यावर सिग्वालने एकदा आरशासमोर उभं राहून ‘केक्स’ म्हणून पाहिलं. शब्द निघाला, पण दुसऱ्याची टोपी डोक्यावर चढवल्यासारखा. पुन्हा त्या वाटेला तो गेला नाही.

मग मोजे चढवायला किंगा यायला लागली.

ती पोलंडची. तिकडे ती चांगली शिकलेली नर्स होती. इथे पलीकडच्या किनाऱ्यावर वृद्धांचं शुश्रूषागृह होतं, तिथे तिला नर्सची जागा मिळणार होती, पण आधी भाषेची तोंडी परीक्षा. तोवर बेटावर घरोघर फिरून मोजे, गोळ्या, मलमपट्टी.

पहिल्या दिवशी तिने अहो-जाहो सुरू केलं. “तुम्ही पाय जरा वर घेता का?”

“अहो-जाहो राजाला,” सिग्वाल म्हणाला. “मी बोटीवरचा माणूस. तू म्हण.”

“आमच्याकडे म्हाताऱ्यांना तू म्हटलं तर आई कान उपटेल.”

“तुझी आई इथे नाही. पाय इथे आहेत.”

ती हसली, मोजे चढवले, हात धुतले. वेळ नव्हता, पण कॉफी किटलीत तयार होती आणि म्हाताऱ्याने दोन कप काढून ठेवले होते. ती कपाटाकडे वळली. पाठ त्याच्याकडे, हात वरच्या फळीवर, आणि म्हणाली,

“कॉफीबरोबर केक्स काढू?”

सिग्वालच्या हातातला चमचा तसाच राहिला. खिडकीतून पाण्यावरचा उजेड आत येऊन छतावर हलत होता. तो बोटीच्या वरच्या मजल्यावर होता. कॉफीचा आणि इंजिनाच्या तेलाचा मिळून एक वास असतो, तो आला. पायाखालची फळी हळूच थरथरली. कुणीतरी मान वळवून बघत होतं.

“काय म्हणालीस?” त्याने विचारलं.

“केक्स. कॉफीबरोबर.”

“काय?”

ती वळली, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलतात तसं मोठ्याने, सावकाश म्हणाली, “केक्स.”

“हो,” तो म्हणाला. “काढ.”

त्या दिवसापासून सिग्वाल बहिरा झाला. सकाळी मोजे होईपर्यंत त्याला सगळं नीट ऐकू यायचं. कॉफीची वेळ झाली की कान जायचे. किंगा एकदा विचारायची, दोनदा, कधी तीनदा. मग तो डबा उघडायचा, बिस्किटावर लोणी आणि तपकिरी चीज लावून तिच्यापुढे ठेवायचा आणि पाण्याकडे बघत बसायचा. आत राग्नाचा आवाज पुन्हा धरू लागला होता. एका शब्दाला लागून दुसरा यायचा. ‘हवा खा’ आला. ‘मी मोटार आहे का’ आला. एका सकाळी तर तिने जिन्यातून त्याला नावाने हाक मारली, आणि तो उत्तर द्यायला उठून उभा राहिला.

किंगा कामाची पक्की. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही हे तिने केंद्रात कळवलं. तिथून उन्नीला फोन गेला, आणि उन्नी पलीकडून येऊन बापाला तपासणीला घेऊन गेली. त्याच्या कानांवर मोठे गोळे बसवून यंत्रातून बारीक बारीक शिट्ट्या वाजवल्या. सिग्वालने प्रत्येक शिट्टीला इमानदारीने बोट वर केलं. फसवायचं असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

परतताना मोटारीत उन्नी म्हणाली, “बाबा, तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. मग त्या ह्यिंगाला रोज तेच तेच का विचारतोस?”

“हं,” सिग्वाल म्हणाला.

“तिचं बोलणं कळत नाही का तुला?”

“हं.”

“हं म्हणजे हो की नाही? जन्मभर या ‘हं’वर आई कसं चालवायची कोण जाणे.”

या दोन ‘हं’नी घात केला. उन्नीने केंद्राला कळवून टाकलं, कान ठीक आहेत. बाईंचे उच्चार बाबांना समजत नसावेत. वाईट हेतू तिचा मुळीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी किंगा आली ती न बोलता. मोजे चढवले, सुरकुत्या सरळ केल्या, हात धुतले. सिग्वालने दोन कप काढले होते. तिने एक उचलून परत फळीवर ठेवला.

“कॉफी?” त्याने विचारलं.

“नको. आणि एक सांगते. परीक्षेला बसत नाही मी. उगाच ज्यांना मी कळत नाही त्यांच्यापुढे बोलत राहायचं आणि त्यांनी ‘काय? काय?’ करायचं. तुला एवढासा शब्द कळत नाही, तर तिथल्या दुखण्याने बेजार झालेल्या माणसांना मी काय कळणार? सांगायचं तरी सरळ. रोज मला मोठ्याने बोलायला लावलंस.”

ती कोट घालायला लागली. सिग्वाल उठला. तोंड उघडलं, पण त्यातून काही येईना. तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले.

किंगा थांबली. त्या हातांपुढे बेटावरच्या सगळ्या मोटारी थांबत आल्या होत्या.

“तुझा शब्द कळतो,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून कळतो. मला तो पुन्हा ऐकायचा असतो.”

“कशाला?”

मग त्याने सांगितलं. बोट सांगितली, गोदी सांगितली, इंग्रजाचा डबा सांगितला. वाक्यं मध्येच तुटत होती, तो परत मागे जाऊन ती जोडत होता. राग्ना जिन्यातून हाक मारते हे सांगताना तो खाली आपल्या मोज्यांकडे बघत राहिला. किंगाचा एक हात कोटाच्या बाहीत होता, दुसरा बाहेर. तशीच ती खुर्चीवर बसली.

“म्हणजे मी चुकीचं म्हणते म्हणून तुला आवडतं,” ती शेवटी म्हणाली.

“चुकीचं नाही. बर्गनचं.”

“माझं बर्गनचं नाही. आमच्या घरचं आहे.” तिला हसू आलं. “आमच्याकडेही केक्स असतो. बिस्कीट नव्हे. लांबट केक, आत मनुका, अक्रोड, संत्र्याची साल. नाताळात आई करते.”

“एकच करते?”

“एकच.”

“तरी केक्स?”

“तरी केक्स.”

सिग्वालला गोदीवरचा तो डबा आठवला. समुद्राच्या त्या टोकालाही कुणीतरी डब्यातून एक उचललं असेल, उलटसुलट केलं असेल आणि विचारलं असेल, हा केक्स का? आणि तिथलाही खलाशी हो म्हणाला असेल.

“गंमत बघ,” किंगा म्हणाली. “जिथे क नको तिथे माझा क येतो म्हणून भाषेच्या वर्गात बाई थांबवतात. आणि माझ्या नावात क आहे, तो तुम्ही सगळ्यांनी घालवला. ह्यिंगा, ह्यिंगा. पहिले काही दिवस मला कळायचंच नाही, कुणाला बोलावताहेत.”

सिग्वालला हे ठाऊकच नव्हतं. कच्या पुढे इ-एसारखा स्वर आला की बेटावरची जीभ आपोआप मऊ होते. त्यात कुणाचं नाव दुखत असेल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

“परीक्षेला बस,” तो म्हणाला.

“त्या हवेवर गाडी अडते माझी. एक बिस्कीट असतं तर गोष्ट वेगळी. स्वयंपाकघर तिच्यावर, चर्च तिच्यावर, विकत घेणं तिच्यावर. प्रेमसुद्धा तिच्यावर. सगळे शब्द त्याच हवेने सुरू होतात.”

ते खरं होतं. आणि ती हवा एकदा जिभेला लागली की बिस्किटातही शिरणार, हेही खरं होतं. सिग्वालला ते लगेच कळलं. तो कपाटाकडे बघत राहिला. मग त्याने खुर्ची ओढून खिडकीशी लावली.

“इथे बस. काच थंड आहे. तिच्यावर हसत हसत फुंकर घाल. हसू सोडू नकोस. आता चर्चला आमचा जो शब्द आहे तो म्हण.”

तिने म्हटलं. खडा फळीवर पडला.

“खडा टाकू नकोस. हवा सोड.”

रोज मोजे झाले की दोघं खिडकीशी बसायची. जन्मभर न बोललेला माणूस एका आवाजाचा मास्तर झाला होता. काचेवर धुक्याचा डाग उमटायचा, त्यातून फेरीबोट पुसट दिसायची, डाग विरायचा, पुन्हा उमटायचा. कधी किंगा कंटाळून काचेवरच डोकं टेकायची.

“तुझी राग्ना मला हसत असेल.”

“ती मला हसत असेल. आयुष्यभर मला क शिकवत होती, आणि मी बसलोय तुझा घालवत.”

रात्री तो अंथरुणात तिचं नाव म्हणून बघायचा. जीभ मागे न्यायची, अडवायची, सोडायची. सुरुवातीला खोकल्यासारखं व्हायचं.

हिवाळा सरत आला होता. एका सकाळी किंगा हात धुऊन कपाटाकडे वळली, आणि परीक्षेच्या कसल्याशा विचारात असताना, पाठमोरीच म्हणाली,

“कॉफीबरोबर ह्येक्स काढू?”

बेटावरच्या बाईने म्हणावं तसं होतं. हवा हलकी, बरोबर जागेवर. तिचं तिलाच कळलं नाही.

सिग्वालने ‘काय’ म्हटलं नाही.

“काढ,” तो म्हणाला, आणि पाण्याकडे बघू लागला. बोट पलीकडे पोचली होती. तिथून मोटारी उतरताना मुंग्यांसारख्या दिसत होत्या.

किंगा पास झाली. पलीकडच्या शुश्रूषागृहात तिला नर्सची जागा मिळाली. शेवटच्या दिवशी तिने मोजे जरा जास्तच नीट चढवले. सिग्वालने हात हलवून तिची छोटी मोटार अंगणातून मागे काढून दिली. नंतर बेटावरचीच एक बाई यायला लागली. चांगली होती, बोलकी होती, ह्येक्स म्हणायची. सिग्वालचे कान पूर्ण बरे झाले.

उन्हाळा गेला. राग्नाच्या ओठांतला आवाज पुन्हा बारीक होत गेला. ‘हवा खा’ गेलं, ‘मी मोटार आहे का’ गेलं. शब्द अजून होता, पण पाण्याच्या पलीकडून आल्यासारखा. तो बसून राहायचा, आणि जे येईल ते येऊ द्यायचा.

नाताळच्या आधी, दुपारीच दिवे लावावे लागतात अशा दिवसांत, अंगणात छोटी मोटार थांबली. दारात किंगा, टोपीवर बर्फ, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट.

सिग्वालने दार उघडून धरलं. जीभ मागे नेली, अडवली, सोडली.

“ये, किंगा.”

ती उंबऱ्यावरच थांबली. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, “थंडी फार आहे,” आणि आत आली.

टेबलावर तिने कापड सोडलं. मनुका आणि संत्र्याच्या सालीचा वास घरभर झाला.

“हे काय?” सिग्वालने विचारलं.

“केक्स.”

हा शब्द कुठल्याही परीक्षेत दुरुस्त होणारा नव्हता. तो तिच्या आईच्या स्वयंपाकघरातला होता, आणि क जागेवर होता.

“काय म्हणालीस?”

“केक्स.”

“कान गेलेत माझे.”

“तपासून आलायस ना?”

“तरी.”

किंगाने त्याच्याकडे पाहिलं. मग ती उठली, कपाटापाशी गेली, पाठ त्याच्याकडे केली आणि बशीसाठी वरच्या फळीवर हात नेला. खिडकीतल्या दिव्याचा उजेड छतावर पडला होता. सिग्वालने डोळे मिटले.

“कॉफीबरोबर केक्स देऊ?”

“दे,” तो म्हणाला.

“एक की पुष्कळ?”

पायाखालची फळी हळूच थरथरली.

“पुष्कळ,” सिग्वाल म्हणाला.